पाचव्या गाण्यातला आवाज

अमरावती, ११ जून २०१८

रुबीना,

तू माझा नंबर बंद करून टाकलास, म्हणून पत्र लिहिते आहे. रजिस्टर्ड पाठवीन. सही तू केलीस की अब्बूंनी, तेवढं तरी पावतीवर दिसेल.

शेवटच्या फोनवर तू विचारलंस, "वच्छलाबाईंच्या दारात ती माणसं पोचली कशी? त्यांचं नाव तर आपल्या दोघींनाच माहीत होतं." मी म्हणाले, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज अजिबात तुटत नव्हता.

नाव मी सांगितलं.

हे वाक्य लिहून मी उठले आणि दाराची कडी पाहून आले. भर दुपार आहे. आई शेजारी लोणच्याच्या कैऱ्या चिरायला गेली आहे, बाबा कोर्टात. गेले तीन आठवडे माझं हेच चाललं आहे. कडी घालते, बसते, पुन्हा उठून बघते.

१७ मेला दुपारी साडेतीन वाजता ओमप्रकाश आमच्या घरी आला. तोच, तेल्हाऱ्याचा कृषी केंद्रवाला. फवारणीच्या औषधाची ती बिनचिठ्ठीची बाटली ज्याच्या दुकानातून आली होती तो. मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी पूर्वी त्याच्या जागेचं एक प्रकरण चालवलं होतं, ती ओळख काढून आला. कोर्टाला सुट्टी, म्हणून बाबा घरीच होते. सोफ्यावर बसला, चहा झाला, आणि मग म्हणाला की तुमच्या मुलीच्या गाण्यात एक बाई बोलते, ती कोण?

मी सांगितलं नाही. तेव्हा त्यानं मोबाईल काढून फोटो दाखवला. अकोल्याच्या ताजनापेठेतलं तुमचं दुकान, शटरसमोर तू उभी, अब्बू स्कूटरवर. म्हणाला, "एवढ्या वायरी, एवढी जुनी लाकडं. मैत्रिणीला म्हणावं, जपून."

मग मी सांगितलं. तुझ्यासाठी सांगितलं, रुबीना. तुम्हाला काही झालं असतं तर?

आता रस्त्यावर कोणतीही मोटारसायकल हळू झाली की मी खिडकीतून बाजूला होते. काल एक जण फाटकाशी थांबला, तर मी न्हाणीघरात जाऊन उभी राहिले. तो गॅसची पावती द्यायला आला होता.

दुकान सांभाळ. एवढं तरी ऐक.

श्रावणी


अमरावती, २९ जून २०१८

रुबीना,

पावतीवर सही तुझी आहे. म्हणजे वाचलंस. उत्तर नाही, पण वाचलंस.

ईद होऊन गेली. आठ वर्षांत पहिल्यांदा मी शीरखुर्म्याला आले नाही. अम्मींनी माझी वाटी काढली असेल का, असं दिवसभर वाटत राहिलं.

वच्छलाबाईंनी अर्ज केला आहे आणि त्याची चौकशी लागणार आहे, असं बाबांना कोर्टात कळलं. बाबा म्हणाले, "तुलाही बोलावतील. काय झालं ते तारखांसह लिहून काढ. ऐनवेळी माणूस सोयीचं तेवढंच बोलतो." म्हणून क्रमानं लिहिते. तुला सगळं माहीतच आहे. चुकलं तर तू पकडशील म्हणून तुलाच पाठवते.

आपल्या जोडीचं 'कर्णा' हे नाव तुझं. अब्बूंच्या दुकानात छताला टांगलेले ते लाऊडस्पीकरचे कर्णे. लग्नं, सभा, उरूस, सगळीकडे भाड्यानं जाणारे. वरच्या खोलीत आपण बसायचो. तू मोडक्या रेडिओंचे भाग जोडून त्यातून आवाज काढायचीस आणि मी लॅपटॉपवर ते तोडायचे, जोडायचे. कॉलेजात पोरं विचारायची, गाणार कोण आहे तुमच्यात? तू म्हणायचीस, "कोणीच नाही. अकोला गाईल."

आणि खरंच गायलं. जिनिंगचे रोलर, बसस्टँडवरची घोषणा, बाळापूरच्या बाजारातला तराजूचा खणखणाट, लाइट गेल्यावर एकदम थांबणारा पंखा. सहा गाणी झाली होती. सातवं सापडत नव्हतं.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी आपण तेल्हाऱ्याकडे गेलो, कारण तुला बॅटरीच्या फवारणी पंपाचा तो एकसुरी घूं हवा होता. गावोगावी फवारणारी माणसं आजारी पडल्याच्या बातम्या येत होत्या. मी म्हणाले, आत्ता नको. तू म्हणालीस, आत्ताच. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, वच्छलाबाई बसल्या होत्या. त्यांचे मालक उद्धवराव रोजानं फवारायला जायचे आणि या पाणी आणून द्यायच्या. ते जाऊन त्या दिवशी सोळा दिवस झाले होते, आणि त्या पुन्हा त्याच धुऱ्यावर दुसऱ्या कोणाला पाणी आणून देत होत्या.

आपण काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी तुझ्या हातातलं यंत्र पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बोललेलं धरून ठेवते काय?" तू हो म्हणालीस. मग त्या बावीस मिनिटं बोलल्या. दवाखान्यात सोबत ओमप्रकाशचा माणूस गेला होता आणि त्यानं सांगितलं की यानं स्वतःच औषध प्यायलं. डॉक्टरांनी सांगितलेलं लिहून घेतलं. झालं. कागदावर उद्धवराव विष पिऊन मेले. दुकानाचं नाव नाही, बाटलीचं नाव नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "आवाज घ्या. नाव नको जी. मले याच गावात राहाचं आहे."

तू त्यांच्या डोक्यावरच्या पदराला हात लावून कबूल केलंस. मी नुसती मान हलवली.

बावीस मिनिटांचं काय करायचं, यावरून आपलं आठ दिवस भांडण झालं. तू म्हणालीस, जसंच्या तसं ठेवू, खाली पंपाचा आवाज, बस. मी म्हणाले, कोणी ऐकणार नाही. मी त्यातलं एक वाक्य उचललं. "त्याइनं पेलं नाही जी." चार शब्द. पंपाच्या घूंवर ते पुन्हा पुन्हा. तू ते दोनदा ऐकलंस. मग म्हणालीस, "चांगलं झालंय. त्याचंच भ्या वाटून राहिलं मले."

तू चिडलीस किंवा घाबरलीस की वऱ्हाडी बोलतेस. तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

फेब्रुवारीत आपला अल्बम 'कोरडवाहू' इंटरनेटवर आला, त्यात हे गाणं आपण पाचवं ठेवलं. पहिले दहा दिवस फक्त आपल्या ओळखीच्यांनी ऐकला. मग मुंबईच्या कोणीतरी लिहिलं की वऱ्हाडातल्या दोन मुलींनी यंत्रांना रडायला लावलं आहे. मग पुण्याच्या पेपरात अर्धं पान आलं. तुझा ओढणीतला फोटो, माझा चष्म्यातला. सगळ्यांना पाचवंच गाणं हवं होतं. कोणीतरी त्याला सुकलेल्या कपाशीची चित्रं लावून व्हिडिओ केला, आणि तो मोबाईल-मोबाईल करत तेल्हाऱ्यात पोचला.

पुण्याचा कार्यक्रम तुला आठवतो. मला रोज आठवतो. तीनशे माणसं. पाचवं गाणं सुरू झालं आणि लोक नाचायला लागले. हात वर करून, डोळे मिटून. "पेलं नाही जी"वर उड्या. तू माझ्याकडे पाहिलंस आणि सरळ वायर उपटलीस. अंधार, शांतता. आणि लोकांना वाटलं हाही गाण्याचाच भाग. किती टाळ्या वाजल्या! मी वाकून नमस्कार केला, रुबीना. तू तोवर मागच्या दारानं निघून गेली होतीस.

तिथपासून आपण एका खोलीत बसलेलो नाही.

श्रावणी


अमरावती, २० जुलै २०१८

रुबीना,

फोटो नव्हता.

तुमच्या दुकानाचा, तुझा, अब्बूंचा. ओमप्रकाशनं मला कुठलाही फोटो दाखवला नाही. वायरी आणि लाकडं हे मी रचलं. पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हा नाव सांगितल्याचं लिहून झालं, आणि पुढे काय कारण लिहायचं ते सुचेना. मग ते आपोआप आलं. लिहिताना मला ते खरंही वाटलं. तेव्हापासून तुम्ही सगळे दुकानात भीतभीत बसत असाल, अब्बू रोज वायरी तपासत असतील, आणि तीही भीती मीच घातलेली. हे आज सकाळी दात घासताना लक्षात आलं. त्याआधी आलं नव्हतं असं नाही.

घडलं ते असं.

तो आंब्यांची पेटी घेऊन आला. बाबांच्या पाया पडल्यासारखं केलं. मला म्हणाला, "बेटा, गाणं फारच छान. आमच्या मुलानं ऐकवलं. आपल्या भागाचं नाव काढलंत." मग म्हणाला, "त्या बाईंसाठी काही करता आलं तर बघावं म्हणतो. कोण आहे ती?" फवारून पडलेल्या इतक्या जणांपैकी आवाज कोणाच्या घरचा, हे गाण्यातल्या चार शब्दांवरून त्याला कळलं नव्हतं.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "अगं, सांग ना. ते मदतच करतो म्हणतायत." बाबांना तेव्हा त्याच्या दुकानाचं आणि बाटलीचं काही माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

ओमप्रकाशनं कप उचलला होता आणि तो पीत नव्हता. कप हातात धरून माझ्याकडे पाहत होता. हसतमुखानं. शिवी नाही, धमकी नाही, आवाज चढवणं नाही. पंखा फिरत होता. मला एकदम कळलं की हा माणूस उत्तर मिळेपर्यंत असाच बसणार आहे.

मी म्हणाले, "वच्छला. उद्धवची बायको."

त्यानं फक्त नाव विचारलं होतं. गाव मी आपणहून सांगितलं. मग म्हणाले, "हातपंपाच्या शेजारचं घर." कोणीही विचारलं नव्हतं. एकदा तोंड उघडल्यावर त्याला आवडेल ते सगळं देऊन टाकावं, म्हणजे तो उठेल, असं मला झालं होतं.

तो उठला. चहा संपवून उठला. जाताना म्हणाला, "आंबे दोन दिवस गवतात ठेवा."

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चार माणसं त्यांच्या दारात गेली, कागद घेऊन. नवऱ्यानं स्वतःच औषध प्यायलं आणि माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, असा कागद. त्यांना वावरात बोलावणं बंद झालं.

बाबांना मी काल सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, "आंबे आपण खाल्ले." तेवढंच. मग कोट न घालताच बाहेर पडले आणि दोन तासांनी घामाघूम परत आले. कुठे गेला होता, विचारलं तर म्हणाले, "चालत होतो." ओमप्रकाशनं चौकशीसाठी त्यांनाच वकील म्हणून विचारलं होतं, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. त्यांनी नाही म्हणून कळवलं आहे.

मला भीती वाटते, हे तू आठ वर्षं पाहते आहेस. परीक्षेची, स्टेजची, पालींची. तू हसायचीस. पण मी लिहिली ती भीती निदान कशाची तरी होती. खरी होती ती कशाचीच नव्हती. एका माणसाच्या हातातल्या कपाची.

हेही पत्र तू वाचशील. मग यानंतरचं फाडलंस तरी मी काही म्हणणार नाही.

श्रावणी


अमरावती, १२ ऑगस्ट २०१८

रुबीना,

काल मी तेल्हाऱ्याकडे, वच्छलाबाईंच्या गावी गेले होते.

कोणाला सांगितलं नाही. सकाळची अकोटची एस.टी., तिथून दुसरी. खिडकीतून कपाशीची पराटी गुडघ्यापर्यंत आलेली दिसत होती आणि पुन्हा पाठीवर पंप घेतलेली माणसं. काहींच्या तोंडाला रुमाल, काहींच्या तोंडाला काही नाही. दोनदा उतरून परत फिरावं असं वाटलं. अकोटला तर उतरून अमरावतीच्या गाडीजवळ जाऊन उभीही राहिले.

गावात शिरल्यावर मला वाटलं सगळे माझ्याकडे बघतायत. बघतही असतील. एक माणूस पारावरून उठला आणि माझ्या मागे चालत आला. मी भराभर चालले, तोही. शेवटी मागून म्हणाला, "बाई, छत्री पडली तुमची." छत्री घेताना माझ्या हातून ती पुन्हा पडली.

वच्छलाबाई दारात बसून गोधडी शिवत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"एकटीच आली? ते मुसलमानाची पोरगी?"

"ती नाही आली."

"बस."

मी उभीच राहिले. बसले असते तर बोलता आलं नसतं. म्हणाले, "तुमचं नाव ओमप्रकाशला मी सांगितलं."

त्यांनी सुई थांबवली नाही. दोरा संपेपर्यंत शिवलं, दातानं तोडला.

"घर बी तूच सांगितलं?"

"हो."

"मले समजलंच होतं. ते मानसं आले त हातपंपाजवळचं घर कोनतं मनून इचारत आले. आमच्या गावात त्याले बोरिंग मन्तेत. हातपंप मननारं कोनीतरी शयरातलंच असन." मग माझ्याकडे पाहिलं. "मारलं काय तुले त्यानं?"

"नाही."

"धमकावलं?"

"नाही."

"मंग कावून सांगितलं?"

"भ्याले."

त्यांनी सुईत नवा दोरा ओवला. शेजारच्या घरातून एक बाई डोकावली आणि आत गेली. मला रडू येत होतं पण रडायचीही भीती वाटत होती, कारण मी रडले असते तर त्यांना मला समजवावं लागलं असतं.

मग त्यांनी दारातल्या माणसांचं सांगितलं. "कागद घेऊन आले. मने आंगठा दे. म्या मनलं, मले सही येते, आन् मी करत नाही. त मने घराले कुलूप लागन. मने पोरीले शायेत जाता येनार नाही. तीन खेपा आले. पोरीले मी भावाकडे मोर्शीले धाडलं." हे सगळं त्या भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. "तवा म्या अर्ज केला. नाव त फुटलंच होतं. आता चूप राहून काय भेटनार होतं मले?"

मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं. "ते राहू दे तुह्याजवळ. गानं ऐकव."

रुबीना, त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. तीनशे माणसं नाचली, पेपरात आलं, ओमप्रकाशनं ऐकलं, त्याच्या मुलानं ऐकलं. आपल्या दोघींपैकी एकीलाही त्यांना ऐकवायचं सुचलं नाही.

मी त्यांच्या कानात इयरफोन घातले. पंप सुरू झाला तेव्हा त्या दचकल्या आणि मागे पाहिलं. मग आपलाच आवाज ऐकून तोंडावर पदर घेतला. पूर्ण गाणं ऐकलं, पावणेपाच मिनिटं. इयरफोन काढून माझ्या हातात दिले.

"मी कावून एवढंच एवढंच बोलून राहिली?"

मी इयरफोनची वायर गुंडाळत राहिले.

"येडं लागल्यासारखं. पेलं नाही जी, पेलं नाही जी. पुढचं कुठी गेलं? डोयाचं सांगतलं होतं म्या. पान्याचं सांगतलं होतं."

"ते मी कापलं."

"कावून?"

"लांब होत होतं."

त्यांनी असं पाहिलं माझ्याकडे की ओमप्रकाशचा कप बरा वाटला.

"आहे कोनाजवळ?"

"रुबीनाकडे. सगळं आहे."

"मंग ते आना. एकतीस तारखेले अकोल्यात साहेब ऐकनार आहे. आन् तूही ये. मले सांगतलं ते त्यायच्यापुढं सांग. आन् ते गानं, पुरं ठेवा, नाही त काढून टाका."

निघताना त्यांनी मला पाणी दिलं. मी प्याले. रस्ताभर मला वाटत होतं कोणीतरी मागून येतंय. या वेळी छत्री माझ्या हातात होती.

मूळ रेकॉर्डिंग तुझ्याकडे आहे. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी पाठव. ३१ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी अकरा.

श्रावणी


अमरावती, ३ सप्टेंबर २०१८

रुबीना,

शुक्रवारी कचेरीखाली दुकानाच्या व्हॅनमध्ये तू आम्हाला चहा दिलास आणि काहीच विचारलं नाहीस. वच्छलाबाईंना बिस्किटं दिलीस, माझ्याकडे पुडा नुसता सरकवलास. मीही काही बोलू शकले नाही. म्हणून वर काय झालं ते लिहिते. अब्बूंनी सांगितलं असेलच, पण ते अर्धा वेळ मशीनकडे बघत होते.

तू वर येणार नाहीस हे अब्बूंनी जिन्यातच सांगितलं. म्हणाले, "बेटा, मी तुम्हा दोघींच्या मंधात पडत नाही. पण अमानत आहे, पोचवाले आलो." एका हातात रेकॉर्डर, दुसऱ्या हातात लहान स्पीकर. बाबा फाटकापर्यंत आले होते. आत या म्हटलं तर म्हणाले, "मी आत आलो तर तू माझ्याकडे बघशील." खरं आहे. मी बघितलं असतं.

तिसरा मजला. लांब टेबल, चौकशी करणारे साहेब, टाइप करणारा एक कारकून. ओमप्रकाश आणि त्याचा वकील भिंतीजवळ. तसंच हसतमुख. मला पाहून त्यानं हात जोडले. मी त्याच्यापासून सर्वांत लांबची खुर्ची घेतली. वच्छलाबाई खुर्चीच्या टोकावर ताठ बसल्या होत्या, हिरव्या लुगड्यात, पिशवी मांडीवर.

साहेब म्हणाले, "बावीस मिनिटं? महत्त्वाचं तेवढं लावा."

अब्बू म्हणाले, "साहेब, महत्त्वाचं कोणतं ते मले समजत नाही. पुरं लावतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पंखा बंद करायला सांगितला.

मी ते सप्टेंबरनंतर पूर्ण ऐकलंच नव्हतं, रुबीना. कापताना मी फक्त लाटा बघत होते, पडद्यावरच्या. पहिली तीन मिनिटं नुसता पंप आणि पराटीची पानं. कारकून चुळबुळ करायला लागला. मग त्यांचा आवाज. "सकाऊन नवाले पयला पंप भरून देल्ला म्या. अकराव्या पंपाले मने डोकं दुखते. मने बाटलीवर चिठ्ठी नाही, किती टाकाचं समजत नाही, दुकानवाला मने टोपनभर टाक. पंधराव्याले मने, वच्छला, मले पराटी दोन दोन दिसून रायली. म्या मनलं, ठेवा खाली. मने एवढी ओळ काढतो."

ओमप्रकाशचा वकील कागद उलटत होता. तो थांबला.

"दवाखान्यात मने यानं औषध पेलं. त्याइनं पेलं नाही जी. दिवसभर तहान लागली होती त पानी बी पेलं नाही. म्या तांब्या पुढं केला. मने नको, हाताले औषध आहे."

हे मी कापलं होतं. आपलं सगळं गाणं जिथे थांबतं, त्याच्या पुढचंच वाक्य.

रेकॉर्डिंग संपलं तरी पंखा लावायचं कोणाला सुचलं नाही. मग वकिलानं विचारलं की आवाज हिचाच कशावरून, आणि गाणंवाल्यांनी जोडतोड केली नाही कशावरून. साहेबांनी मला उभं केलं. मी सांगितलं, जोडतोड मी केली, गाण्यात. हे मूळ आहे, याला हात लावलेला नाही. तारीख, जागा, यंत्र, सगळं सांगितलं. आवाज इतका लहान येत होता की कारकून दोनदा "काय?" म्हणाला.

मग साहेबांनी विचारलं, "या बाईंचं नाव समोरच्या पार्टीला कसं कळलं?"

"मी सांगितलं."

"दबाव होता? धमकी दिली?"

वच्छलाबाईंच्या बाजूच्या वकीलबाईंनी मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, हो म्हणालीस तर केस बळकट होईल. नुसतं हो म्हणायचं होतं. तो फोटो माझ्याकडे तयार होता, शटर, स्कूटर, वायरी, सगळं. तुला एकदा लिहिलेला. मी ओमप्रकाशकडे पाहिलं. त्यालाही कळलं असावं, कारण पहिल्यांदाच तो हसत नव्हता. त्याला माझी भीती वाटत होती. एक क्षण मला ते आवडलं.

मी म्हणाले, "नाही. त्यांनी धमकी दिली नाही. मी घाबरले आणि सांगितलं. घरसुद्धा सांगितलं."

वकीलबाईंनी मान खाली घातली. ओमप्रकाश पुन्हा हसला. मला वाटलं मी पुन्हा एकदा त्यांचं घर त्याला सांगितलं.

तेवढ्यात वच्छलाबाई उभ्या राहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं. "तिले नाही देल्ली साहेब. मले देल्ली. तीन खेपा. माह्या दारात." आणि त्यांनी पिशवीतून तो कागद काढला. सही न केलेला, चार घड्या घातलेला. तिसऱ्या खेपेला ती माणसं तो त्यांच्या दारात टाकून गेली होती आणि त्यांनी तो डाळीच्या डब्यात ठेवला होता. खाली कोपऱ्यात दुकानाचा शिक्का. कोणीतरी घाईत दुकानातल्याच छापील कागदावर लिहिलं होतं.

साहेबांनी तो दोनदा वाचला. त्याच्या पाठीमागेही पाहिलं. ओमप्रकाशला विचारलं, हा कागद तुमचा का. तो म्हणाला, दुकानात कोणीही येतं, कोणीही कागद नेतं. साहेब म्हणाले, "मग गेल्या सप्टेंबरचं विक्रीचं रजिस्टर घेऊन या. पुढच्या तारखेला." आणि कारकुनाला सांगितलं, मृत्यूच्या कारणाची नोंद फेरतपासणीला पाठवा. एवढंच झालं. नोंद बदलली नाही, फक्त पुन्हा बघणार आहेत. पुढची तारीख एकोणीस सप्टेंबर.

अब्बू मशीन गुंडाळत मागे राहिले. आम्ही बाहेर आलो तेव्हा व्हरांड्यात ओमप्रकाश माझ्याजवळून गेला. म्हणाला, "बेटा, बाबांना नमस्कार सांगा." मी भिंतीला हात टेकला. भीती गेली असं मी लिहिणार नाही. आज सकाळीही मी कडी दोनदा पाहिली.

जिन्याच्या तोंडाशी वच्छलाबाई थांबल्या. एक पाय खाली टाकला आणि परत घेतला.

"हात दे," म्हणाल्या. "मले पायऱ्या दिसून नाही राहिल्या."

मला आधी वाटलं डोळ्यांना काही झालं. मग त्यांचा हात हातात घेतला, बर्फासारखा गार, ओला.

"तुम्हाला भीती वाटली?" मी विचारलं. इतकं मूर्खासारखं मी आयुष्यात काही विचारलं नाही.

"मंग?" त्या म्हणाल्या. "मले काय जीव नाही?"

आम्ही एकेक पायरी उतरलो. वरून कोणीतरी भराभर येत होतं. त्याला वाट द्यायला आम्ही भिंतीला चिकटून उभ्या राहिलो, तरी त्यांनी हात सोडला नाही. तिसऱ्या मजल्यापासून तुझ्या व्हॅनच्या दारापर्यंत तो हात हलत होता, आणि तो त्यांचा हलत होता की माझा, हे मला अजून सांगता येत नाही.

श्रावणी